पाखाडीवर कोण कुणासाठी थांबलं

गणू, काल संध्याकाळी मी पाखाडी एकटा चढलो. तुझं तेरावं होऊन दोन दिवस झाले. पाहुणे पांगले, आणि पाच वाजता पायांनी आपणहून चपला शोधल्या. तुझ्या गिरणीपाशी आलो आणि रोजच्यासारखी हाक मारली, "गणपतराव, निघायचं ना?" गिरणीला कुलूप. दळणाचा डबा घेऊन आलेली एक बाई माझ्याकडे बघत उभी राहिली. मास्तरांचंही आता काही खरं नाही, असं तिला वाटलं असावं. मी तिला दळण दुसऱ्या गिरणीत ने म्हणून सांगितलं आणि पुढे झालो.

पहिल्या वळणावर फणसापाशी थांबलो आणि मागे वळून बघितलं, तू येतोयस का. तू येणार नाहीस हे मला ठाऊक होतं. तुझ्या तिरडीला खांदा द्यायला मीही होतो, भले पोरांनी मला गल्लीच्या तोंडाशीच बाजूला केलं असेल. तरी थांबलो, आणि चांगला बराच वेळ थांबलो. ह्या थांबण्याबद्दल आपलं बोलणं अर्धवट राहिलं आहे. आपल्या दोघांत भांडणाचा विषय एकच होता आणि त्याचा निकाल न लावताच तू निघून गेलास. अडुसष्ट वर्षांच्या माणसाला हे शोभत नाही.

वाद तसा साधा. खाली तुझी गिरण, वर ग्रामदेवतेचं देऊळ, आणि मधे ही जांभ्या दगडाची पाखाडी, एकशे बारा पायऱ्यांची. रोज संध्याकाळी आपण दोघे चढायचो आणि चार ठिकाणी थांबायचो. मी म्हणायचो, मी तुझ्यासाठी थांबतो. तू म्हणायचास, तू माझ्यासाठी. पायऱ्या एकशे दहाच आहेत, असंही तू म्हणायचास, कारण खालच्या दोन तू मोजायचाच नाहीस. त्या गिरणीच्या हद्दीत येतात म्हणे.

मेलास तो तरी सरळ मेलास का? चाळीस वर्षं पीठ खाल्लेली तुझी छाती, सकाळचा तो खोकला, की ज्याच्यावर अख्खी वाडी घड्याळ लावायची. गणूभाऊ जाणार तो दम लागूनच, असं सगळे धरून चालले होते. आणि तू गेलास भर दुपारी, बांगड्याचं तिखलं चापून, ओटीवरच्या आरामखुर्चीत. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. मी भिंतीला टेकून रडत होतो, आणि तेवढ्यात मनात आलं, आता हा वर जाऊन सगळ्यांना सांगत फिरणार, की बघा, फुप्फुसांनी शेवटपर्यंत दगा दिला नाही! मला हसू फुटलं. ते नेमकं वहिनींनी बघितलं. त्या दिवसापासून मी त्यांच्यासमोर खाली मान घालूनच वावरत होतो.

तू गिरणवाला आणि मी शाळेतला कवायतीचा मास्तर, त्यामुळे आपल्या दोघांच्या छात्यांबद्दल गावाचं मत आधीच ठरलेलं होतं. तीस वर्षं मी पोरांना उन्हात उभं करून श्वास आत, श्वास बाहेर करायला लावलं. माझी शिट्टी मैदानावरून थेट बंदरापर्यंत ऐकू जायची, आणि होड्या ओढणारी माणसं तिच्यावर भाकरी सोडायला बसायची. निवृत्त झालो तेव्हा शाळेने मला मखमली डबीतून एक नवी शिट्टी दिली. पुढे एकदा अंगणात वासरू शिरलं, अबोली खायला लागलं, म्हणून मी ती शिट्टी काढून फुंकली. आवाज आला तो किटलीला आधण येतं तेवढाच. वासराने मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि उरलेली अबोली संपवली. शिट्टीतली गोटी दमट हवेने फुगली असणार, असं मी ठरवलं आणि डबी कपाटात ठेवून दिली. तुला हे सांगितलं नव्हतं.

मग दिल्लीला एशियाड भरलं. पेपरात रोज धावणाऱ्यांचे, उड्या मारणाऱ्यांचे फोटो. आपल्या वाडीतल्या साठीच्या पुढच्या सगळ्या पुरुषांना एकाएकी आपल्याला पोटं आहेत हे दिसलं. तू एका सकाळी माझ्या दारात उभा.

"मास्तर, पोटाचा जाऊ दे, पर माका निदान छाती तरी ठीक करून दे. शिमगा चार म्हयन्यांवर आला."

"माका नव्हे, मना म्हण," मी म्हटलं. "तुझ्या मामाच्या गावचं बोलणं मामाकडे."

"बोलना ऱ्हाऊ दे रं. छातीचा बोल."

मी तुला गिरणीतच उभा केला. हात वर, श्वास आत. आत श्वास कसला, मघाशी दळलेली ज्वारी गेली. तुझा खोकला जो सुटला तो बुधवारपर्यंत. वहिनींनी मला निरोप धाडला की भावोजींना म्हणावं, आमच्या माणसाला मारायचं असेल तर सरळ मारा. म्हणून शेवटी आपण एसटीने रत्नागिरीला, त्या नव्या डॉक्टरांकडे गेलो.

पोरगेलासा डॉक्टर, मुंबईहून शिकून आलेला. त्याच्यापाशी एक फुंकायचं यंत्र होतं. नळीत जोर लावून फुंकायचं, की काटा पुढे सरकतो आणि छातीत किती जोर आहे ते कळतं. तू सदऱ्याच्या बाह्या वर केल्यास, यंत्राला हात जोडलेस आणि फुंकलंस. काटा मध्यापर्यंत गेला. डॉक्टर म्हणाला, चाळीस वर्षं पिठात काढली त्या मानाने बरं आहे, पण सुधारायला हवं. मग तू म्हणालास, "आता आमच्या मास्तरचा बगा. काटा फुटंल तुमचा."

मी छाती भरून घेतली आणि सगळा जोर लावला. गणू, अगदी शेवटपर्यंत तू लोकांना जे सांगत आलास ते खरं आहे. कवळी सुटली आणि त्या नळीच्या तोंडात जाऊन बसली. डॉक्टरने ती चिमट्याने काढून वाटीत ठेवली. दुसऱ्यांदा मी कवळीशिवाय फुंकलं, तर हवा हिरड्यांतून इकडून तिकडून निसटली. काटा जागचा हलला म्हणायला हलला. डॉक्टरने काट्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "मास्तर, विडी ओढता का?"

"मी कवायतीचा मास्तर आहे," मी म्हणालो, पण कवळी वाटीत असल्यामुळे ते त्याला नीट कळलं नसावं.

मी तोंड धुवायला बाहेर गेलो. आत तुम्ही दोघे बराच वेळ बोलत होतात. बाहेर आलास तो हातात एक चिठ्ठी घेऊन. रोज चढण चढायची, पण सावकाश. दम लागला की थांबायचं. श्वास नाकाने घ्यायचा आणि बशीतला गरम चहा फुंकतो तसे ओठ करून हळूहळू सोडायचा. आणि किती पायऱ्यांवर थांबलं ते रोज वहीत लिहायचं. "दोघांना सांगितलाय," तू म्हणालास. मी म्हटलं, मला कशाला, माझी भानगड कवळीची आहे. परतीच्या एसटीत तू खिडकीबाहेर बघत बसलास. मला वाटलं, तुला स्वतःच्या काट्याची लाज वाटते आहे. मी मोठ्या मनाने तुला शेंगदाणे घेऊन दिले.

दुसऱ्या दिवसापासून आपली पाखाडी सुरू झाली. फणसापाशी माझ्या चपलेचा अंगठा सुटायचा. विहिरीच्या कठड्यापाशी तुला समुद्र बघायचा असायचा, जसा काही तो काल तिथे नव्हता. तिसऱ्या ठिकाणी कुणाच्या तरी आंब्याला मोहोर किती आला हे आपण अगदी भर श्रावणातसुद्धा बघितलं आहे. आणि चौथ्या ठिकाणी, देवळाच्या खालच्या टप्प्यावर, सरळ उभं राहून दोघेही तो नसलेला चहा फुंकायचो. खालून येणाऱ्या पोरीबाळी तोंडाला पदर लावून हसत जायच्या. माझा अंगठा इतक्या वेळा सुटला, की चांभाराने मला विचारलं, मास्तर, माझ्या कामात काय खोट निघाली?

"अंगठा सुटला परत?" तू वरच्या पायरीवरून विचारायचास.

"तुझ्यासाठी थांबलोय, गणू. तोंडावर सांगितलं तर तुला वाईट वाटेल, म्हणून अंगठा."

"माज्यासाटी? आनि मी मगाधरनं तुज्यासाटी हतं उबा हाय तो? तू वाकलंस, म्हटलं ह्यो आता उठतो का न्हाय."

एवढं बोलून दोघांचाही श्वास संपायचा आणि पुढचं भांडण पुढच्या टप्प्यावर जायचं. पण चार महिन्यांत तुझा खोकला खरंच कमी झाला, आणि गिरणीत तू तोंडाला पंचा बांधायला लागलास. मी गावभर सांगितलं, गणूला मी चालायला लावला.

तुला छातीची एवढी काळजी का, हे सगळ्या गावाला माहीत होतं. शिमग्याला देवीची पालखी सहाणेवर, म्हणजे पालखी बसते त्या चौथऱ्यावर आली, की नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचा मान तुझ्या घराण्याचा. सगळ्या गावाच्या वतीने देवापुढे एकेक मागणं मोठ्याने मांडायचं, आणि प्रत्येक मागण्याला गावाने एका आवाजात "व्हय म्हाराजा" म्हणायचं. तुझे वडील सगळं गाऱ्हाणं दोन दमांत घालायचे. मागणं मध्येच तुटलं तर देवाला ते मान्य नाही, असा आपल्या गावाचा समज. आणि ज्याचं मागणं तुटलं त्याचा मान भावकीत जातो. तुझा चुलतभाऊ यशवंत तिकडे ज्येष्ठमध चघळत तयारच बसला होता. मान गेला असता तर तू जगलाच नसतास, गणू. पैसा गेला, गिरण गेली तरी तू हसत राहिला असतास.

त्या शिमग्याला तू उभा राहिलास. पहिलं मागणं झकास गेलं. दुसऱ्याला तुझा आवाज बारीक होत गेला, मानेच्या शिरा फुगल्या. यशवंत एक पाऊल पुढे सरकला. मी गर्दीत होतो. मला काही सुचलं नाही. तुला श्वास घ्यायला वाव मिळावा एवढंच डोक्यात होतं, आणि मी सगळा जोर लावून ओरडलो, "व्हय म्हाराजा!" मास्तर ओरडला म्हटल्यावर अख्खा गाव ओरडला, ढोल वाजले, आणि त्या गजरात तू पोटभर श्वास घेतलास.

फक्त तू तोवर एवढंच म्हणाला होतास, "मुंबयला गेलेल्या चाकरमान्यांच्या नोकऱ्या जाऊ..."

उरलेलं "देऊ नको" ढोल थांबल्यावर आलं, पण तोवर गावाने होकार भरला होता. रजा काढून आलेले चाकरमानी पांढरे पडले. सहाणेवर मानकऱ्यांची बैठक बसली. देव अर्ध्यावर ऐकतो का पुरतं ऐकून घेतो, ह्यावर तासभर खल झाला. शेवटी तू दुसरा नारळ ठेवलास आणि हात जोडून म्हणालास, "मगाशी जा काय म्हटला, ता म्हटलाच न्हाय असा समज, म्हाराजा." तरीसुद्धा दोघे चाकरमानी रजा अर्धी टाकून मुंबईला गेले, नोकरी जाग्यावर आहे का बघायला. त्यातल्या एकाला त्या वर्षी बढती मिळाली, आणि तो अजून दर शिमग्याला माझ्यासाठी खजुराची पुडी आणतो.

तू माझ्याशी आठ दिवस बोलला नाहीस. नवव्या दिवशी पाच वाजता पाखाडीच्या तळाशी उभा होतास.

"अंगठा हतंच बांदून घे," एवढंच म्हणालास, आणि चढायला लागलास.

पुढच्या शिमग्याला तू गाऱ्हाणंच फिरवून आणलंस. आधी नको, मग बाकीचं. "नको रे म्हाराजा, नोकऱ्या जायला नको!" मागणी लहान लहान केलीस, कुठे तुटलं तरी अर्थ शाबूत राहील अशी. मी प्रत्येक तुकड्याला आवाज द्यायचा, गावाने उचलायचा, ढोलाने थाप द्यायची. लोकांना ते फारच आवडलं. गाऱ्हाणं आता ठसक्यात होतं म्हणायला लागले. यशवंताचा ज्येष्ठमध वाया गेला. असे चार शिमगे झाले, आणि चारही वेळा घरी येताना माझी छाती वीतभर फुगलेली असायची. मी मनात म्हणायचो, गणूचा मान मी राखला. ह्या गृहस्थाने मला एकदासुद्धा "बरं झालं, मास्तर" म्हटलं नाही, ह्याचा मला रागही यायचा.

आता जे राहिलं आहे ते लिहितो. तू जायच्या सहा दिवस आधी आपण वर देवळाच्या कट्ट्यावर बसलो होतो. तू म्हणालास, "मास्तर, औंदा गर्दीत उबा ऱ्हाऊ नको. सहानेवर माज्या बाजूला ऱ्हा."

इतकी वर्षं मी ज्याची वाट बघत होतो ती कबुलीच मिळाली, असं मला वाटलं. मी उठून उभा राहिलो. म्हणालो, "बघ! आलं ना तोंडातून? माझ्याशिवाय तुझं गाऱ्हाणं चालत नाही. गणू, तुझा दम संपलाय. आता यशवंताला दे मान आणि घरी बस."

तू माझ्याकडे बघितलंस, हसलास, थोडा खोकलास, आणि हळूच म्हणालास, "व्हय म्हाराजा." मग उठलास आणि कुठेही न थांबता सरळ खाली गेलास. मी मागून उतरत होतो. उतरतानाही माझा अंगठा दोनदा सुटला. त्यानंतरचे पाच दिवस मी गिरणीकडे फिरकलो नाही, कारण मीच तुझ्यावर रागावलो होतो. सहाव्या दिवशी वहिनींचा निरोप आला. गणू, तुझा दम संपला असं मी तुला म्हणालो, आणि तेच आपलं शेवटचं बोलणं ठरलं. मला त्याचं फार वाईट वाटतं. रात्री जेवण जात नाही. तू असतास तर म्हणाला असतास, कवळी बदल.

आज सकाळी वहिनींनी बोलावलं. गावकीने ठरवलंय, औंदा गाऱ्हाणं तुझ्या मुलाने, विजूने घालायचं. विजू तेराव्यापर्यंत थांबला होता, उद्या मुंबईला गोदीतल्या नोकरीवर परत जाणार, म्हणून आजच त्याच्याकडून म्हणवून घ्यायचं होतं. वहिनींनी माझ्यापुढे एक वही ठेवली. कडेला पीठ लागलेली, दुरेघी, शाळेतल्या पोरांची असते तसली.

"गिरनीत पिटाच्या डब्याखाली गावली," त्या म्हणाल्या. "ह्यात गाऱ्हाना लिवलाय. मना वाचाया येत न्हाय, पन तुमचा नाव हाय त्यात खूप ठिकानी, असा विजू म्हनतो."

डॉक्टरने घालायला सांगितलेली ती वही. प्रत्येक पानावर तू मधोमध रेघ मारली होतीस. एका बाजूला "मी", दुसऱ्या बाजूला "मास्तर". मी पहिलं पान वाचलं.

"डाक्तर म्हनला, मास्तरचा काटा तुमच्यापरीस लई खाली. त्यास्नी सांगतो. मी म्हटला, सांगू नका. त्याचा जनम शिट्टीत गेलाय. मी बगतंय त्याच्याकडं."

मी चष्मा पुसला आणि पुढे वाचत गेलो. रोजचं लिहिलं होतंस, पाच वर्षांचं. "मी चाळीस पायऱ्या. मास्तर अडतीस, अंगठा." "मी पन्नास. मास्तर छत्तीस, अंगठा. समुद्र बगितला, म्हंजे त्याला बसाया गावल." "मी साठ. मास्तर एकतीस. मोहोर दाखवला. श्रावन हाय ह्या त्याच्या ध्यानात न्हाय." तुझा आकडा दर वर्षी वर चढत गेलाय गणू, आणि माझा खाली. कितीएक पानं मी दोन्ही बाजू पुन्हा पुन्हा ताडून बघितल्या. कवायत मास्तराला हजेरी तपासायची सवय असते. खोट कुठे सापडली नाही.

मधल्या पानांवर गाऱ्हाणं होतं. ओळीओळीत थांबायच्या जागी तू "मा." असं लिहिलं होतंस, म्हणजे इथे मास्तर ओरडणार. गेल्या शिमग्याच्या तारखेखाली चार ओळी होत्या, त्या मी इतक्या वेळा वाचल्या की पाठ झाल्या.

"आज देवळात एकटा उबा ऱ्हाऊन समदा गाऱ्हाना म्हनला. दोन दमात झाला, बापासारका. पन सहानेवर आसा म्हटला तर मास्तर काय करील? थांबायचा तितं थांबनार."

आणि त्याच्याखाली, नव्या शाईत, गेल्याच महिन्यातलं. "औंदा 'मा.' वाडवले. मास्तर मागं पडतो. बाजूला उबा करायचा, म्हंजे पडला तर धरता यील."

गणू, तू बापासारखं दोन दमांत गाऱ्हाणं घालू शकत होतास. ज्याच्यासाठी तू इतकी वर्षं पाखाडी चढलास, ते तुला आलं होतं. सगळ्या गावासमोर, यशवंताच्या नाकावर टिच्चून ते करून दाखवायचं सोडून तू त्याचे तुकडे केलेस, आणि मी घरी छाती फुगवून गेलो.

विजू अंगणात तुळशीसमोर उभा राहिला. वही हातात धरून त्याने सुरुवात केली. पस्तीस वर्षांची छाती ती. मी तोंड उघडायच्या आत त्याने अर्धं गाऱ्हाणं संपवलंसुद्धा. चांगलं म्हणतो रे, आवाज तुझाच आहे. मी "व्हय" म्हणेपर्यंत तो पुढच्या पानावर होता.

मग तो थांबला आणि वहीत बोट ठेवून म्हणाला, "काका, हे 'मा. मा.' काय आहे सगळीकडे?"

"तिथे थांबायचं," मी म्हणालो.

"कशाला? मला पुरतो दम. आजोबा तर दोन दमांत म्हणायचे ना? तसंच करू या."

वहिनी दारात उभ्या होत्या. पायरीवर बसल्या बसल्या माझा हात चपलेच्या अंगठ्याकडे गेला. सांगायला सबबी पुष्कळ होत्या. गावाला तशी सवय झाली आहे, ढोलवाल्यांना वेळ लागतो, तुझ्या बापाची पद्धत मोडू नको. ह्यातलं काहीही चाललं असतं, आणि विजूने ऐकलंही असतं.

"मला दम लागतो म्हणून," मी म्हणालो. "तुझा बापूस माझ्यासाठी थांबायचा."

वहिनींनी डोळ्यांना पदर लावला, आणि मला वाटतं त्या दुपारच्या माझ्या हसण्याबद्दल त्यांनी मला तेवढ्यात माफ केलं. पोराने पानं मागे उलटून पुन्हा गाऱ्हाण्याची पहिली ओळ काढली आणि सावकाश सुरुवात केली. पहिल्या "मा."पाशी तो थांबला आणि माझ्याकडे बघत उभा राहिला.

मी ओठांचा चंबू केला, बशीतला चहा फुंकून श्वास सोडला, नवा घेतला. त्याने घाई केली नाही.

"व्हय म्हाराजा," मी म्हणालो.